स्तुती करून अडवलेला माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्यापेक्षा लायक माणूस फोरमन होणार होता आणि मी त्याला होऊ दिलं नाही. त्याची चुगली केली नाही, त्याच्यावर आळ घेतला नाही, निनावी पत्रही टाकलं नाही. मी त्याची स्तुती केली. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये बसून, त्यांचाच चहा पीत, तोंडभर स्तुती केली. त्या स्तुतीनं तो लेथ मशीनला जखडला गेला, तो कायमचाच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा शेड कमी आणि बाभळी जास्त होत्या. आमच्या कारखान्यात पंपाचे शाफ्ट तयार होत. मी डिप्लोमा करून सुपरवायझर म्हणून लागलो आणि त्याच महिन्यात तो लेथवर टर्नर म्हणून लागला. तो आयटीआय झालेला, इंदोऱ्याच्या वस्तीतला. छप्पनच्या धम्मदीक्षेला वडिलांच्या खांद्यावर बसून गेला होता, एवढंच तो स्वतःबद्दल कधीतरी सांगे. मी महाल या जुन्या वस्तीतला. तो सायकलनं बर्डीपर्यंत यायचा, सायकल स्टँडवर लावायचा, आणि तिथून आम्ही कंपनीच्या बसनं हिंगण्याला जायचो.

मत्सर त्या बसमध्येच सुरू झाला. मी चढलो की लोक म्हणत, "नमस्कार, भाऊ." आणि खिडकीबाहेर बघू लागत. तो चढला की मागून तीन-चार आवाज येत, "इकडं ये गा, जागा धरून ठेवली हाय!" कुणी तुरीच्या शेंगा पुढे करी, कुणी संत्र्याच्या फोडी. मग मागच्या बाकांवर हसणं सुरू होई. कशाला हसताहेत ते मला पुढे बसून कळत नसे. मी मान न वळवता ऐकत असे. बर्डी ते हिंगणा या अंतरात त्याला किती जणांनी हाक मारली, हे मी मोजत असे. वाचायला हातात पेपर धरलेला असे, आणि त्यातली एक ओळ डोक्यात शिरत नसे.

त्याचं कामही तसंच. त्याच्या लेथपाशी उभं राहिलं की पोलादाची साल एकसारखी, न तुटता निघताना दिसे. पण हातात कसब असलेली माणसं मी आणखीही पाहिली होती. मला जाळत होतं ते वेगळं होतं. माणसं त्याचं ऐकत. कुणाचा जॉब बिघडून रिजेक्ट झाला की मी रजिस्टरात नाव लिहायचो आणि सगळ्यांदेखत चार शब्द सुनवायचो. तो मात्र बिघडलेला शाफ्ट उचलून त्याच माणसाच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "तुले काय वाटते? काय झालं असंन?" मग गप्प राहायचा. समोरचा इकडे तिकडे बघायचा, टूलला दोष द्यायचा, मालाला दोष द्यायचा. हा गप्पच. शेवटी समोरचा स्वतःच म्हणायचा, "मीच घाई केली राजेहो." झालं. तो माणूस पुन्हा ती चूक करत नसे. मी नाव लिहिलेले मात्र पुन्हा पुन्हा करत.

आमच्याकडे दोन जुने कामगार घरून पाण्याची सुरई आणायचे. आधी ते सगळ्यांच्याच माठातलं पाणी प्यायचे. हा लागल्यावर महिनाभरात सुरई आली. का आली ते शेडमध्ये सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एकदा मे महिन्यात जेवणाच्या सुट्टीत तो त्यातल्या एकाला म्हणाला, "बाबा, तुमचं पाणी आमच्या माठापेक्षा थंड हाय काय गा? रोज एवढं ओझं वागवता, म्हातारपनी खांदा जाईन ना!" सगळी शेड हसली. तो कामगारही ओशाळून हसला. सुरई तरी येतच राहिली, पण त्या दिवसापासून तो म्हातारा मशीन अडली की यालाच हाक मारू लागला. माझ्या मनात काय आलं, सांगू? याला हेही जमतं, हे आलं. जिथे मला चीड यायला हवी होती, तिथे मला हेवा वाटला.

त्याच उन्हाळ्यात शाफ्टचं एक मोठं काम अडलं. दुपारी मापात बरोबर असलेले शाफ्ट सकाळी मोजले की बारीक भरत. बेअरिंग सैल बसे आणि सगळा लॉट बाद. मी तीन दिवस ड्रॉइंग घेऊन बसलो, दोन मायक्रोमीटर तपासून घेतले, टर्नर लोकांवर ओरडलो. चौथ्या दिवशी तो माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, जरा येता काय?" पश्चिमेच्या दारापाशी शेवटच्या कटासाठी थांबलेले शाफ्ट उभे करून ठेवलेले होते. त्यानं एकावर उलटा हात ठेवला आणि मलाही ठेवायला लावला. चटका बसला.

"दुपारभर उन्हात तापून राहिले हे. तापलेला शाफ्ट फुगते. फुगलेला मोजला, तर सकायी बारीकच निंघंन ना."

मी हे पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते. आणि शाफ्टला हात लावावा, हे मला सुचलं नव्हतं.

शाफ्ट सावलीत हलवले, काम सुरळीत झालं. मोठे साहेब शेडमध्ये आले आणि विचारलं, "कुणी शोधलं हे?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "या भाऊनं शोधलं, साहेब. तीन दिवस मागंच लागले होते ते." साहेबांनी माझी पाठ थोपटली. तो आपल्या मशीनकडे वळला. मी त्याच्यावर कधीच इतका संतापलो नव्हतो, जितका त्या क्षणी संतापलो. त्यानं चोरलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. त्यानं दिलं होतं. त्यानंतर त्याच्या हातून काहीतरी बिघडावं म्हणून मी वाट बघू लागलो. एकदा त्याचा एक जॉब खरोखर बाद झाला, आणि त्या दुपारी मला जेवण चवीचं लागलं. इतका खाली गेलो होतो मी.

पुढे तो चार्जमन झाला. बारा माणसं त्याच्या हाताखाली आली, तरी तो स्वतः लेथवर असेच. मी असिस्टंट फोरमन. आणि फोरमन निवृत्त व्हायला आले. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले, जबलपूरकडचे म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणत.

फोरमन निवडायची आमच्याकडे एक रीत होती. मालकांनी घालून दिलेली. परीक्षा नाही, अर्ज नाही. ज्यांचा विचार चालू असेल त्यांना मोठे साहेब एकेकटं केबिनमध्ये बोलावत, चहा मागवत आणि विचारत, "या जागेवर कोण हवा? स्वतःचं नाव सोडून सांग." दुसऱ्याचं नाव घ्यायचं आणि का ते सांगायचं. ज्याला दुसरा माणूस नीट दिसतो त्याच्याच हाती माणसं द्यावीत, असा मालकांचा हिशेब. आज इतकी वर्षं माणसं निवडण्यात घालवल्यावर मला वाटतं, याच्याइतकी चांगली रीत मी दुसरीकडे पाहिली नाही. आणि याच्याइतकी सहज फसवता येईल अशीही नाही.

यावेळी आम्हा दोघांचाच विचार होता. त्याला सकाळी बोलावलं, मला जेवणानंतर.

मी काय बोलायचं ते आठ दिवस घोकलं होतं. त्याची निंदा केली तर मीच छोटा दिसेन, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "साहेब, खरं सांगायचं तर तोच. त्याच्यासारखा हात अख्ख्या वसाहतीत नाही. मोठ्या शाफ्टचं काम आज त्याच्या जोरावर चाललंय."

साहेब मान हलवत होते. मी थोडं थांबलो आणि काळजी वाटत असल्यासारखा पुढे म्हणालो, "फक्त त्याला मशीनवरून उचललं, तर त्या कामाचं कसं व्हायचं, एवढंच मला कळत नाही. फोरमन दुसरा मिळेल, साहेब. असा टर्नर नाही मिळायचा."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. फक्त त्यानं चार जणांना त्या कामात तयार केलं होतं, ते मी गाळलं.

साहेब खिडकीतून शेडकडे बघत राहिले. मग त्यांनी आवाज जरा खाली घेऊन विचारलं, "आणि ऐकतील का लोक त्याचं? म्हणजे, तुला कळतंय ना मी काय म्हणतोय ते?"

मला कळलं. माझं आडनाव घेऊन हा प्रश्न कुणी कधी विचारला नसता. आणि उत्तरही मला ठाऊक होतं. बसमध्ये रोज ऐकत होतो ते उत्तर, मोजत होतो. लोक त्याचंच ऐकतात, साहेब, माझं ऐकत नाहीत. एवढं एक वाक्य.

मी कप उचलला आणि चहाचा घोट घेतला.

साहेबांना वाटलं, मला सांगायला जड जातंय. ते म्हणाले, "राहू दे. समजलं." आणि दाराशी सोडायला आले तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दुसऱ्याचं इतकं मोकळ्या मनानं सांगणारा पहिलाच भेटलास."

आठवड्यानं मी फोरमन झालो.

तो सगळ्यांच्या आधी आला. हात धुऊन, पुसून आला. त्या दिवसापर्यंत तो मला भाऊ म्हणायचा. "अभिनंदन, साहेब," म्हणाला. मग जरा जवळ येऊन, "एक सांगू काय? कोनाले रागवायचं असंन तर केबिनमधी बोलवून रागवजा. मशीनपाशी नाई. मशीनपाशी माणूस उघडा पडते."

त्याच्या चेहऱ्यावर मी बराच वेळ काहीतरी शोधत होतो. कडवटपणा दिसला असता तर बरं वाटलं असतं. वाईट वाटलेलं दिसत होतं, ते त्यानं लपवलंही नाही. पण माझ्यावरचा राग नव्हता.

काकांचा शेवटचा दिवस आला. हार, नारळ, फोटो झाले. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाबू, तुझे मालूम है उसने किसका नाम लिया था? मी होतो केबिनमधे तेव्हा, साहेबांनी मलाही बसवून घेतलं होतं."

"कुणाचं?" मी विचारलं. खरं तर कळलं होतं.

"तेरा नाम. वो बोला, कागद त्यांचा पक्का हाय, हिशेबात बेइमानी नाई. माणसायची भीती वाटते त्यायले, म्हणून ओरडतात. चार महिने कोणी सोबत राहिलं तर भीती जाईन. मी राहीन, म्हणे." काकांनी गळ्यातला हार काढून हातावर घेतला. "मैं तो उसी को देता ये कुर्सी. पर साहेबांनी ठरवलं होतं. चल, आता तू संभाल."

माझ्याबद्दल इतकं खरं आणि इतक्या मायेनं आधी कुणी बोललं नव्हतं, आणि नंतरही नाही. असं ऐकून माणूस सुधारावा. मी आणखी जळलो. त्यानं मला नीट पाहिलं होतं. मालकांच्या रीतीप्रमाणे जागा त्याचीच होती, आणि हे आता मला त्याच्याच शब्दांनी कळलं होतं.

तो बोलल्याप्रमाणे सोबत राहिला. कुणाच्या घरी आजारपण आहे, कोण कुणाशी बोलत नाही, कोणाला सकाळी बोलू नये आणि कोणाला फक्त सकाळीच बोलावं, हे सगळं तो मला सांगे. बिघडलेला शाफ्ट हातात देऊन गप्प राहायला मी त्याच्याकडूनच शिकलो. पहिल्या वेळी मी दहा आकडेही मोजू शकलो नाही, मध्येच बोललो. तो मागून पुटपुटला, "थांबा ना साहेब, येऊन राह्यलं त्याचं उत्तर." लोक माझं ऐकू लागले. चांगला फोरमन म्हणून माझं नाव झालं.

आणि दरवर्षी गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली की त्याच्या नावापुढे मी तेच लिहायचो: "यंत्रावर अत्यंत कुशल. या कामासाठी अपरिहार्य." एका चहाच्या घोटाला क्षणाची चूक म्हणता येईल. ही ओळ मी पाच वर्षं, नीट अक्षरात, पेनात शाई भरून लिहिली. वर जायची दारं त्याच्यासाठी त्या एका शब्दानं बंद होत होती, आणि वाचणाऱ्याला वाटे, केवढा मान दिलाय.

शेवटी त्यानं कोराडीला अर्ज केला. वीज केंद्राच्या वर्कशॉपमध्ये जागा निघाल्या होत्या, काही टर्नरच्या, काही माणसं सांभाळणाऱ्या. "अनुभवाचा दाखला पाहिजे होता, साहेब. बारा माणसायचं लिहिजा त्यात." मी "बघतो" म्हणालो. दाखल्यात लिहिलं: लेथवरचं काम उत्कृष्ट, वर्तणूक चांगली. बारा माणसांचं लिहिलं नाही. त्यानं समोर उभं राहून वाचला. दोनदा वाचला असावा, कारण वेळ लागला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बरं साहेब." बारा माणसांचं तो पुन्हा मागेल म्हणून मी थांबलो होतो. त्यानं मागितलं नाही. ते वाक्य गाळलेलं पाहून त्याला काही कळलं असेल का, हे मी अजून स्वतःला विचारतो.

कोराडीला तो टर्नर म्हणूनच लागला. चाळिशीला आलेला माणूस, पुन्हा पहिल्या पायरीवर. निरोपाला शेडमधली माणसं रडली. कधीच निवृत्त झालेला सुरईवाला म्हातारा मुद्दाम आला होता, तो त्याचा हात सोडत नव्हता.

मी मॅनेजर झालो. आता नवे सुपरवायझर निवडले की त्यांच्यासमोर मी तासभर बोलतो. माणूस कसा पारखावा, कसा वाढवावा. "एखादा काम चांगलं करतो म्हणून त्याला त्या कामालाच बांधून ठेवू नका," असं मी सांगतो आणि पोरं वहीत लिहून घेतात. "चूक झाली तर विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा," हेही लिहून घेतात. एकानं विचारलं, "सर, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हणालो, "अनुभवानं येतं." वर्ग संपल्यावर टाळ्या झाल्या. मी त्या घेतल्या.

दोन वर्षांपूर्वी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तो भेटला. मी नातेवाइकाला बघायला गेलो होतो, तो बाहेरच्या बाकावर होता. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. केस पांढरे झालेले. उठून उभा राहिला, "साहेब!" मला शेजारी बसवून घेतलं, माझी तशीच राहिलेली तब्येत बघून थट्टा केली. "मॅनेजर झाले आन् पोट फोरमनचंच राह्यलं काय हो?" मग कोराडीचं सांगू लागला. "नवे इंजिनियर येतात, सहा महिने माह्यापाशी बसतात, सगळं शिकतात, आन् सातव्या महिन्यात मलेच हुकूम सोडतात. मजा वाटते."

मी हसलो.

मग दवाखान्याच्या दाराकडे बघत, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "साहेब, एक विचारू काय? लय दिवसाचं मनात हाय. तवा मोठ्या साहेबानं मले काहून नाई घेतलं? राग नाई माहा. पण माह्यात काय कमी होतं, ते कळलं असतं तर दुरुस्त केलं असतं. तुमाले मालूम असंन."

आणि तो थांबला. उत्तर येईपर्यंत थांबला.

मी म्हणालो, "वरून आलं होतं रे. कुणाच्या हातात नव्हतं."

इतक्या वर्षांत मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं धडधडीत खोटं. तोवर सगळं खरं बोलूनच केलं होतं. त्यानं मान हलवली. "असंन," म्हणाला. मग नर्सनं आत बोलावलं आणि तो बायकोची पिशवी घेऊन गेला.

तो अजून टर्नरच आहे. आपल्यात काय कमी होतं, ते अजून शोधत असेल. त्याच्यात काही कमी नव्हतं. ती जागा त्याची होती, आणि ती मी घेतली, कशी घेतली, हे त्याच्यासमोर बसून, त्याच्या बायकोदेखत, सांगणं माझ्याकडे बाकी आहे. कोराडीला बस जाते. मी अजून गेलेलो नाही.